भिंतीपलीकडचा ठोका

शेजारधर्म म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देण्याच्या गोष्टी येतात. वाटीभर साखर, पाहुण्यांसाठी उघडून दिलेली खोली, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला काढलेली गाडी. पण ज्यांची भिंत एक आहे अशा दोन घरांमधला रोजचा व्यवहार बराचसा न देण्याचा असतो. आपल्याकडची ओल त्यांच्याकडे जाऊ न देणं, आपला धूर, आपला केर आणि मुख्य म्हणजे आपला आवाज. दिलेली साखर लक्षात राहते. न दिलेला आवाज कुणाच्याच लक्षात राहत नाही, कारण तो कधी ऐकूच आलेला नसतो.

या न देण्याला किती महत्त्व द्यायचं? मी माझ्या घरात, दिवसाउजेडी, कुणाचंही वाईट न चिंतता एखादी चांगली गोष्ट करत असेन आणि तिचा आवाज पलीकडे जात असेल, तर पलीकडच्या माणसाचं मी नक्की काय देणं लागतो? आवाज कमी करणं हे माझं सौजन्य आहे की कर्तव्य?

या प्रश्नासाठी उदाहरण जरा जपून निवडायला हवं. मिरवणुकीतल्या भिंतींचं घेतलं तर आवाज करणारा लगेच खलनायक ठरतो. पहाटेच्या रियाजाचं घेतलं तर संगीताबद्दलच्या आदरापोटी आपण त्याला आधीच माफ करून टाकतो. मला मधलं उदाहरण हवं आहे. ज्यात करणाऱ्याचा हेतू चांगला आहे, कष्ट खरे आहेत, पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसता ठोका येतो. असं एक उदाहरण म्हणजे बॉक्सिंगच्या सरावासाठी घरात लावलेली स्पीड बॅग.

यंत्र

स्पीड बॅग म्हणजे देठाने टांगलेल्या नासपतीच्या आकाराची, साधारण वीतभर लांबीची चामड्याची पिशवी. आत हवेचा ब्लॅडर. वर एक गोल, आडवी, लाकडी फळी, बहुधा दोन फूट व्यासाची. फळीच्या मध्यावर एक फिरती कडी असते, तिला स्विव्हल म्हणतात. पिशवी तिला लटकते. फळी एका लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेली आणि ब्रॅकेट भिंतीत बोल्टने आवळलेलं. एवढाच सगळा संसार.

या पिशवीवर ताकद कमवायची नसते. त्यासाठी जड सँडबॅग असते. स्पीड बॅगवर कमवायचा तो नेमकेपणा: हात खांद्याच्या वर टिकवून धरण्याची सवय, डोळा आणि मूठ यांचा मेळ, आणि लय. ठोसा बसला की पिशवी पुढे जाऊन फळीवर आदळते, उलटून आपल्या बाजूला येऊन आदळते, पुन्हा पुढे जाऊन आदळते आणि परत येताना पुढचा ठोसा खाते. म्हणजे एका ठोशामागे फळीवर तीन ठोके. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर तिश्र जाती. शिकणाऱ्याला आधी हे तीन कानाने मोजायला शिकवतात, हाताचं नंतर.

आता साधा हिशोब. सेकंदाला दोन ठोसे, म्हणजे फळीवर सहा ठोके. तीन मिनिटांची एक फेरी धरली तर एक हजार ऐंशी. रोज पाच फेऱ्या करणाऱ्याच्या भिंतीत पाच हजारांहून अधिक ठोके जातात. ठोसे मारणाऱ्याला त्यात लय ऐकू येते, कारण ती लय त्याच्याच हातातून निघते. पलीकडे उशीला डोकं टेकून पडलेल्या माणसाला लय ऐकू येत नाही. त्याला फक्त भिंत ऐकू येते.

तत्त्वज्ञ आणि शिवणकाम करणारी बाई

तत्त्वज्ञांनी या विषयावर तोंड उघडलं तेव्हा बहुतेक वेळा ते ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलले, कारण ते स्वतः ऐकणारे होते. शोपेनहॉवरने १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखसंग्रहात गोंगाटावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा मुख्य राग गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर. विचार करणाऱ्याच्या मेंदूला हा आवाज मध्येच कापून टाकतो आणि ज्याला त्याचा त्रास होत नाही त्याच्या मेंदूत कापण्यासारखं काही नसावं, असा त्याचा सूर आहे.

त्या निबंधातला एक मुद्दा मला पटतो: त्या फटकाऱ्यांचा बहुतांश भाग निरुपयोगी आहे, सवयीने काढलेला आहे, घोड्यालाही त्याची गरज नाही, असं तो म्हणतो. हा मुद्दा पुढे आपल्या कामाला येणार आहे. पण निबंधाच्या तीसएक वर्षं आधी, १८२१ साली, बर्लिनमध्ये याच माणसाने आपल्या खोलीबाहेरच्या सामायिक जागेत बसलेल्या कॅरोलीन मार्के नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला हाताला धरून बाहेर काढलं. त्या झटापटीत ती पडली. हात नीट चालेनासा झाला असा दावा तिने लावला आणि वर्षानुवर्षं चाललेल्या खटल्यानंतर तिला आयुष्यभर दर साल साठ थालर देण्याची पाळी त्याच्यावर आली.

ही गोष्ट सहसा विनोद म्हणून सांगतात. मला तिच्यात विनोदापेक्षा इशारा जास्त दिसतो. एकाचं काम लिहिण्याचं, दुसरीचं शिवण्याचं. ज्याचं काम शांततेवर चालतं त्याला आपली शांतता हक्काची वाटू लागते, आणि दुसऱ्याचं बोलणं-चालणं हे आपल्या हक्कावरचं आक्रमण. एकदा हक्काची भाषा सुरू झाली की बाईचा हात धरायला फार वेळ लागत नाही.

मिठाईवाला आणि डॉक्टर

हक्काच्या भाषेने हा तंटा सोडवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न लंडनमध्ये झाला. १८७९ चा स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. ब्रिजमन मिठाईवाला. त्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खल होते. एक साठ वर्षांहून अधिक काळ त्याच जागी, दुसरा सव्वीस वर्षांहून अधिक. शेजारी स्टर्जेस नावाचे डॉक्टर राहायला आले. आठ वर्षं काही तक्रार नव्हती. मग त्यांनी बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघराला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली. आणि बत्त्याचा दणका रोग्याच्या छातीला लावलेल्या कानापर्यंत पोचू लागला. न्यायालयाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला.

आपल्यापैकी कित्येकांची सहानुभूती इथे मिठाईवाल्याकडे जाईल. खल आधीचा, खोली नंतरची. १९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने या खटल्याकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. तो म्हणाला, मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो हे अर्धंच खरं. डॉक्टरला शांतता दिली की मिठाईवाल्याला त्रास होतो. त्रास दुतर्फी आहे, आणि प्रश्न एवढाच आहे की कुणाचा त्रास टाळणं जास्त मोलाचं. दोघांना विनासायास घासाघीस करता आली, तर हक्क सुरुवातीला कुणाकडेही असो, ते देवाणघेवाण करून शहाण्या तोडग्यावर येतील. मिठाईवाल्याला खल जास्त मोलाचा असेल तर तो डॉक्टरला पैसे देऊन गप्प करेल. डॉक्टरला खोली जास्त मोलाची असेल तर उलट.

ही मांडणी हुशार आहे आणि एका मर्यादेपर्यंत उपयोगीसुद्धा. ती आपल्याला खलनायक शोधण्याच्या सवयीतून सोडवते. स्पीड बॅगवाला आणि झोपू पाहणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, हे तिने मान्य केलं. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत आहे: खलाचा आवाज हा खलाचा अविभाज्य भाग आहे. कुटायचं तर दणका येणारच. आता फक्त दणक्याचा भाव ठरवायचा. कोसच्याच लेखात एका शक्यतेचा ओझरता उल्लेख आहे की आवाज आणि हादरे अडवणारी एखादी वेगळी भिंत बांधता येईल. चर्चा तिथे थांबत नाही, पुढे निघून जाते. मला तिथेच थांबावंसं वाटतं. कारण त्या खलाखाली काय होतं, तो कशावर टेकला होता, त्याची बैठक डुगडुगत होती का, हे कुणी पाहिलं होतं का?

पाना घेऊन पाहणं

स्पीड बॅगच्या बाबतीत हे पाहता येतं. आवाज कुठून येतो ते एकेक करून तपासलं तर एक चकित करणारी गोष्ट हाती लागते.

पहिली फळी. पातळ, हलकी फळी प्रत्येक ठोक्याला थरथरते. ती थरथर म्हणजे पिशवीच्या वेगातून चोरलेली ऊर्जा. त्यातली काही आवाज होऊन खोलीत जाते, काही ब्रॅकेटमधून भिंतीत. फळी जड आणि भरीव असेल तर ती हलत नाही. भौतिकशास्त्राचा ढोबळ हिशोब असा की आदळणारी वस्तू तीच असताना, जिच्यावर आदळते तिचं वजन दुप्पट केलं तर तिच्यात शिरणारी ऊर्जा साधारण निम्मी होते. उरलेली पिशवीला परत मिळते. म्हणजे फळीवर वाळूची पिशवी ठेवली किंवा खाली आणखी एक जाड प्लाय आवळला, तर भिंतीत कमी जातं आणि पिशवी जास्त चपळ उलटते.

दुसरे नट-बोल्ट. हजारो ठोक्यांनी ते सैल होतात. सैल बोल्ट ठोक्यागणिक खडखडतो, त्याचं छिद्र झिजवतो, आणि फळी किंचित कलली की पिशवी सरळ रेषेत न जाता वेडीवाकडी फिरते. महिन्यातून एकदा पाना फिरवला, स्प्रिंग वॉशर घातला, की खडखड जाते आणि रेषा परत येते.

तिसरी फिरती कडी. तिच्या गोळ्याला किंवा बेअरिंगला कोरड पडली की ती कुरकुरते आणि अडखळते. तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त घातलं तर ते चामड्यावर ठिबकतं, म्हणून उरलेलं फडक्याने टिपून घ्यायचं. कडी आणि पिशवी यांच्यामध्ये लांब आकडा किंवा साखळीचे जास्तीचे दुवे असतील तर धातूवर धातू वाजतो आणि पिशवी झोकांड्या खाते. पिशवीची मान कडीच्या जितकी जवळ, तितकं दोन्ही कमी.

चौथी हवा. टम्म फुगवलेली पिशवी फळीवर कडक वाजते आणि शिकाऱ्याच्या हाताबाहेर पळते. हवा थोडी काढली तर ठोका मऊ होतो आणि लय सापडते. फार काढली तर पिशवी फदफदते, उलटतच नाही. हवा भरताना पंपाची सुई ओली करून घालायची, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो आणि रोज हवा भरण्याचा नवा उद्योग मागे लागतो. उंची अशी ठेवायची की पिशवीचा फुगीर भाग हनुवटीच्या आसपास येईल. उंची चुकली की ठोसा तिरका बसतो, आणि तिरका ठोसा जास्त वाजतो.

चकित करणारी गोष्ट ही: या चारही ठिकाणी आवाज कमी करणं आणि सराव सुधारणं ही एकच कृती आहे. आपण ज्याला व्यायामाचा आवाज समजत होतो त्यातला मोठा हिस्सा ढिलाईचा आवाज निघतो. त्याचा फायदा कुणालाच नाही, ठोसे मारणाऱ्यालासुद्धा नाही. शोपेनहॉवरच्या गाडीवानाचा चाबूक तो हाच.

म्हणून मला वाटतं की कोसची घासाघीस सुरू होण्याआधी एक पायरी आहे. आवाज करणाऱ्याने आपला आवाज आधी चाळून घ्यायला हवा. कामाचा आवाज किती आणि ढिलाईचा किती. कामाच्या आवाजावर शेजाऱ्याशी बोलणी करता येतात, तडजोड मागता येते. ढिलाईच्या आवाजावर तडजोड मागणं म्हणजे माझ्या आळसाचं भाडं शेजाऱ्याने भरावं असं म्हणणं. सौजन्य की कर्तव्य या प्रश्नाचं निदान एवढ्यापुरतं उत्तर मला स्पष्ट दिसतं. चाळणं हे कर्तव्य आहे.

जिथे स्वार्थ संपतो

पण एवढ्यावर खूश होणं सोपं आहे, आणि म्हणूनच संशयास्पद. कान्टने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, कारण त्यातच धंद्याचं भलं आहे. त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी आहे असं म्हणता येत नाही. (हाच कान्ट आदल्या वर्षी आपल्या गावच्या कारभाऱ्यांकडे तक्रार करत होता की घराजवळच्या तुरुंगातले कैदी फार मोठ्याने भजनं म्हणतात. त्यांनी खिडक्या लावून म्हणावीत, एवढंच त्याचं मागणं होतं.) आपली पिशवी जलद फिरावी म्हणून बोल्ट आवळणारा माणूस या दुकानदाराच्या जातीचा. शेजाऱ्याचं भलं झालं, पण वाटेत झालं.

पाचवी गोष्ट वेगळी आहे: ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामधला सांधा. इथे जाड रबराची चकती घातली तर हादरा भिंतीत कमी उतरतो. नुसती ब्रॅकेटखाली घालून भागत नाही. बोल्टच्या डोक्याखालीही रबरी वॉशर हवा, आणि बोल्ट ब्रॅकेटच्या छिद्राला घासता कामा नये, नाहीतर हादरा रबराला वळसा घालून लोखंडातून थेट विटेत जातो. शेजाऱ्याशी सामायिक असलेली चार इंची भिंत तर या कामासाठी सर्वांत वाईट. त्यापेक्षा बाहेरची जाड भिंत बरी, मग ती खोलीच्या गैरसोयीच्या कोपऱ्यात का असेना.

या रबराने सराव सुधारत नाही. उलट ते मऊ असेल तर फळी किंचित झुलते आणि पिशवीचा वेग मरतो. मग फळी आणखी जड करावी लागते, म्हणजे आणखी खर्च. गैरसोयीचा कोपराही पदराला खारच लावतो. इथे पहिल्यांदा माझं हित आणि शेजाऱ्याचं हित यांचे रस्ते वेगळे होतात, आणि नीतीचा खरा प्रश्न इथून सुरू होतो. बोल्ट आवळणारे पुष्कळ असतात. रबर घालणारा माणूस कोण आहे, हे भिंतीपलीकडून कळत नाही.

मौन नको आहे

इथे कुणी म्हणेल, मग पिशवी काढूनच टाका. किंवा फळीच्या खालच्या बाजूला फोम चिकटवा, म्हणजे प्रश्न मिटला. फोम चिकटवला की आवाज खरंच मरतो. त्याबरोबर उलटणंही मरतं आणि तीन ठोक्यांची मोजणी कानातून जाते. स्पीड बॅगचा आवाज हा तिचा शिक्षक आहे. दोन ठोके सारखे आणि तिसरा दबका आला तर मूठ तिरकी बसली हे डोळ्याआधी कानाला कळतं. तो आवाज काढून घेणं म्हणजे तबल्याला सुती खोळ घालून रियाज करायला सांगणं.

तबलजी मैफिलीआधी हातोडीने गठ्ठे ठोकून घेतो, वादीचा ताण बघतो, तेव्हा तो तबला गप्प करत नसतो. त्यातला भलता आवाज काढून टाकत असतो, म्हणजे उरलेला नेमका वाजावा. साधनाची निगा म्हणजे हेच. शेजाऱ्यालाही मौन मागण्याचा हक्क आहे असं मला वाटत नाही. माणसं राहतात तिथे कुकरची शिट्टी होणार, बाळ रडणार, कुणीतरी काहीतरी शिकणार. त्याने मागावं ते एवढंच की माझ्यापर्यंत जे येतं ते चाळून आलेलं असावं.

निम्मे कष्ट, शून्य फरक

या व्यवहारात एक निसर्गाचीच खोच आहे. कान ऊर्जेची मोजणी सरळ करत नाही. पलीकडे जाणारी ध्वनिऊर्जा निम्मी केली तर ती तीन डेसिबलने उतरते, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज अर्धा झाला असं ऐकणाऱ्याला वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ऊर्जा एक दशांश करावी लागते. मी एक शनिवार घालवून, पैसे खर्चून, माझ्या बाजूने आवाज निम्मा केला आणि शेजारी दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काही फरक नाही हो," तर दोघंही खरं बोलत असतात.

कितीतरी घरगुती भांडणांचं मूळ या खोचेत असेल. देणाऱ्याचं माप आणि घेणाऱ्याचं माप वेगळं. देणारा आपले कष्ट मोजतो, घेणारा आपली झोप. यातून सुटायचं तर आपल्या मापावर समाधान मानायचं नाही, त्याच्या खोलीत जाऊन ऐकायचं. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला ठोसे मारायला लावून, स्वतः पलीकडे उभं राहून. कायद्याचं मापही इथे फार पुढे नेत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्र म्हणजे दहा ते सहा. पण ती मर्यादा सरासरीची आहे. सरासरीत बसूनही ठोका ठोकाच राहतो.

आणि जेव्हा खरंच फरक पडतो, तेव्हाही आभार मानायला कुणी येत नाही. कोल्हापूरकडच्या तालमींत हौद्याची लाल माती उकरायची, तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती मळायची, हे पैलवानाच्या रोजच्या कामाचा भाग असतं. अंगाखालची माती मऊ ठेवली तर ती आपल्याइतकीच समोरच्याच्या पाठीलाही मऊ लागते. मैदानात टाळ्या पडतात त्या डावाला. माती उकरण्याला टाळ्या नाहीत, पण ती उकरली नाही तर पहिल्या पटातच कुणाचं तरी हाड मोडेल. निगेची सगळी कामं अशीच, न घडलेल्या गोष्टींनी भरलेली.

बटण

सगळं केल्यावरही काही आवाज उरतोच. त्याचं काय? १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपले प्रयोग मांडले आहेत. लोकांना त्रासदायक, केव्हाही सुरू होणारे आवाज ऐकवत काम करायला लावलं. काहींच्या हाताशी एक बटण दिलं: असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तितकाच आवाज ऐकला. पण नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांनी चुका कमी केल्या आणि अवघड कोड्यांशी ते जास्त वेळ झगडले. त्रास नुसत्या आवाजाचा नव्हता. आपल्या हातात काही नाही, याचा होता.

उरलेल्या आवाजाचं देणं फेडण्याचा मार्ग मला यात दिसतो. शेजाऱ्याला बटण द्यायचं. वेळ ठरवून सांगायची, म्हणजे ठोका अचानक येणार नाही. आणि फोन नंबर देऊन सांगायचं की कधीही एक मिस्ड कॉल द्या, मी थांबेन, कारण विचारणार नाही. हे शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. कारण विचारलं की बटण बटण राहत नाही, त्याचा अर्ज होतो. घरात आजारी माणूस आहे, परीक्षा आहे, की नुसतंच डोकं उठलंय, हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही.

यात धोका आहे. शेजारी खुनशी निघाला तर रोज पाचव्या मिनिटाला कॉल देईल. तसं झालं तर सराव दुसरीकडे न्यावा लागेल, आणि तो अन्यायच असेल. पण ज्या बटणाचा गैरवापर होऊच शकत नाही ते बटण नसतं. विश्वास ठेवायचा तर फसण्याची तयारी ठेवूनच.

शांतता कुणाला परवडते

एक शंका मला शेवटपर्यंत सोडत नाही. जड फळी, रबर, बाहेरची जाड भिंत, हे सगळं ज्याच्याकडे निवड आहे त्याच्यासाठी. बॉक्सिंग हा जगभर बराचसा गरीब वस्त्यांतून वर आलेला खेळ आहे. दहा बाय दहाच्या खोलीत बाहेरची भिंत निवडता येत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या व्यायामशाळेत पावसाचाच आवाज इतका असतो की बाकी काही मोजावं कशाला. आणि तक्रार करणारा बहुधा तोच असतो ज्याने शांतता विकत घेतली आहे. त्याला बत्त्याचा दणका ऐकू येतो, पण मिठाई हवी असते.

म्हणून चाळण्याचं कर्तव्य सर्वांवर असलं तरी त्याचं वजन सर्वांवर सारखं नाही. तेलाचा थेंब, आवळलेला बोल्ट, कमी केलेली हवा हे जवळपास फुकट आहे. ते कुणाकडूनही मागता येईल. रबर आणि भिंत ज्याला परवडते त्याने घालावी. ज्याला परवडत नाही, त्याच्या बाबतीत पलीकडच्यानेच अर्धी वाट चालून यावं. त्या चकत्यांचे दोन-चारशे रुपये शेजाऱ्याने स्वतः देऊन टाकले, तर कोसचा सिद्धान्तही पाळला जाईल आणि ओळखही होईल. न्याय आणि शेजारधर्म दर वेळी एकाच बाजूने सुरू होत नाहीत.

तोवर ज्याची पिशवी आहे त्याने पाना घ्यावा. फळीवर तळहात ठेवून दुसऱ्या हाताने पिशवी हलकेच सोडावी आणि कुठे थरथरतं ते बघावं. जिथे थरथरतं तिथून कुणाच्या तरी खोलीत रस्ता जातो.